हाफकिन यांची लस: लोक आधी नाही का म्हणाले, मग हो का म्हणाले

एप्रिल २०२४ च्या शेवटी, कोरोनाच्या एका लशीमुळे अगदी क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, ही बातमी पुन्हा सगळीकडे फिरली. पुढचे दोन आठवडे माझ्या ओपीडीत ताप-खोकल्यापेक्षा हाच विषय जास्त होता. तीन वर्षांपूर्वी ज्या लशीसाठी हे लोक पहाटेपासून टोकनच्या रांगेत उभे होते, ती आता शरीरातून काढून टाकता येते का, असे विचारत होते. तुमच्याही मनात तो प्रश्न राहिला असेल तर आधी उत्तर देते. तशी काहीच गरज नाही. तो दुर्मीळ त्रास व्हायचाच असेल तर लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. २०२१ मध्ये घेतलेल्या डोसमुळे तो आज अचानक सुरू होत नाही.

गंमत म्हणजे यातलेच कितीतरी जण जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये लस नकोच म्हणत होते. माणसे तीच, लस तीच, आणि तीन वर्षांत तीन मते. आधी भीती, मग झुंबड, मग पश्चात्ताप. हे अडाणीपणामुळे होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पूर्वी मीही तसेच म्हणत असे. पण हे सगळे सव्वाशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात जवळजवळ तसेच घडून गेले आहे, आणि तेव्हाची हकीकत वाचल्यावर माझे मत बदलले. ती हकीकत एका माणसाच्या आयुष्याशी बांधलेली आहे. त्याचे नाव तुम्ही पोलिओच्या डोसच्या निमित्ताने किंवा साप चावल्यावर द्यायच्या इंजेक्शनच्या निमित्ताने ऐकले असेल: हाफकिन. परळची ती संस्था ज्यांच्या नावाने आहे, ते वाल्देमार हाफकिन.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या बंदराच्या गावी झाला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकोव, म्हणजे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवणारे आणि पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ. १८८१ मध्ये ओडेशात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते. त्यांना अटक झाली, आणि मेचनिकोव मध्ये पडले म्हणून ते सुटले.

विद्यापीठात प्राध्यापक व्हायचे तर धर्म बदलावा लागला असता. तो त्यांनी बदलला नाही. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला, काही महिने स्वित्झर्लंडमध्ये शिकवले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी धरली. नोकरी कसली, तर ग्रंथालयातल्या मदतनिसाची. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. हाफकिन डॉक्टर नव्हते. प्राणिशास्त्राचे पदवीधर, परदेशी, ज्यू आणि वैद्यकीय पदवी नसलेले. पुढे त्यांच्यावर संकट आले तेव्हा यातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या विरुद्ध गेली.

ग्रंथालयातले काम आटोपले की ते प्रयोगशाळेत बसत. विषय होता कॉलरा, आपल्याकडची पटकी. त्यांनी पटकीचे जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या पोटातून तिसऱ्याच्या, असे नेत नेत फार जहाल बनवले. दुसरीकडे तेच जंतू ऊब आणि हवा देऊन कमजोर केले. आधी कमजोर जंतूंची सुई, काही दिवसांनी जहाल जंतूंची, अशी ती दोन डोसांची लस होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग काही रशियन मित्रांना टोचले. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते.

लस हातात होती, पण ती खरोखर चालते हे दाखवायला पटकीची साथ हवी होती. पॅरिसमधले तेव्हाचे ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे आधी भारताचे व्हाइसरॉय राहिलेले. त्यांनी सुचवले, भारतात जा.

कलकत्त्याची वस्ती

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. सुरुवातीला कोणी टोचून घ्यायला तयार होईना. का व्हावे? एक परका माणूस येतो, इंजेक्शनच्या सुईची तर त्या काळी कोणाला सवय नाही, आणि तो म्हणतो की जो रोग होऊ नये म्हणून तुम्ही देवाला नवस करता त्याचेच जंतू मी तुमच्या अंगात घालतो. मी तिथे असते तर मीही मागच्या दाराने निघून गेले असते.

वर्षभर ते उत्तर भारतात फिरले, फौजेच्या छावण्यांत टोचले. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी सिम्पसन यांनी त्यांना बोलावले. काटल बागान नावाच्या झोपडवस्तीत पटकीचे रोगी सापडले होते. वस्तीतल्या साधारण २०० लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर वस्तीत आणखी १० जणांना पटकी झाली, त्यातले ७ दगावले. दहाही जण न टोचलेल्यांपैकी होते.

या कामात दोन गोष्टी त्यांच्या उपयोगी पडल्या, असे मला वाटते. एक म्हणजे ते लोकांसमोर आधी स्वतःला टोचून घेत. दुसरी म्हणजे त्यांच्याबरोबर बंगाली डॉक्टर होते. चौधरी, घोष, चॅटर्जी, दत्त अशी ती नावे. हे डॉक्टर वस्तीच्या भाषेत बोलत, आणि टोचून झाल्यावर पुन्हा येत. दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख हाफकिन यांच्या चरित्रात एखाद्या ओळीत उरकला जातो. पण ज्यांनी कधी गावात लसीकरणाचा कॅम्प घेतला आहे त्यांना माहीत आहे की निम्मे काम आशाताईच करते.

नंतर आसामच्या चहाच्या मळ्यांत हजारो मजुरांना टोचण्यात आले. मळेवाल्यांनीच बोलावले होते. तिथल्या मजुराला नाही म्हणायची कितपत मोकळीक होती, हे मात्र तुम्हीच विचार करा. १८९५ मध्ये मलेरियाने पोखरलेले हाफकिन विश्रांतीसाठी युरोपात गेले आणि १८९६ मध्ये परत आले.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रोगी ओळखले. काखेत किंवा जांघेत गाठ, भयंकर ताप, आणि काही दिवसांत मृत्यू. तेव्हाच्या मराठीत याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले, म्हणजे १८९६ साली कोणालाच ते माहीत नव्हते. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले. मार्च २०२० मधले रस्त्यांवरचे लोंढे तुम्हाला आठवत असतील.

सरकारने काय केले? घरांची झडती, रोग्याला ओढून इस्पितळात नेणे, घरच्यांना छावणीत डांबणे, सामान जाळणे, रेल्वे स्टेशनांवर बायाबापड्यांची तपासणी. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला (कोरोनाच्या वेळी वापरला तोच). पुण्यात झडतीसाठी गोरे सैनिक घराघरांत शिरले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना स्वतःला लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. इस्पितळात नेलेल्या माणसाला मारून त्याचे तेल काढतात, अशी अफवा होती.

ही अफवा आज वाचताना हसू येते. पण थोडे थांबा. ज्या घरातला माणूस शिपायांनी उचलून नेला आणि परत आलाच नाही, त्या घराने कशावर विश्वास ठेवायचा होता? त्या काळी प्लेगच्या इस्पितळात दाखल झालेल्यांपैकी बहुतेक जण मरत, कारण औषधच नव्हते. आज स्ट्रेप्टोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन वेळेत दिले तर प्लेगचा रोगी बरा होतो. तेव्हा इस्पितळ म्हणजे जाण्याचा एकच रस्ता.

आणि अशा वेळी, त्याच सरकारच्या हुकमाने आलेला एक माणूस सुई घेऊन उभा होता.

तुपाचा थर आणि १० जानेवारी

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरची पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले. एवढ्या सामानावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली.

पद्धत ऐकण्यासारखी आहे. काचेच्या चंबूत मांसाच्या रसाचे पातळ सूप घ्यायचे, त्यात प्लेगचे जंतू सोडायचे आणि वर थोडे तूप तरंगत ठेवायचे. तुपाच्या थराला धरून जंतू वाढतात आणि छताला लोंबणाऱ्या चुनखडीसारखे खाली लोंबतात. चंबू हलवला की ते तळाशी पडतात आणि पुन्हा नवे वाढतात. असे काही आठवडे केल्यावर साधारण ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर कार्बोलिक अॅसिड घालायचे, म्हणजे दुसरा कुठला जंतू त्यात वाढणार नाही. हे कार्बोलिक अॅसिड लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे. पटकीची लस जिवंत जंतूंची होती, ही मेलेल्या जंतूंची. सूप कशाच्या मांसाचे, हा प्रश्न लोकांना पडणारच होता. हाफकिन यांनी गायीचे आणि डुकराचे मांस टाळून बोकडाचे वापरले. परक्या देशातल्या माणसाला हे सुचले, याचे मला अजून कौतुक वाटते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला १० मिलिलिटर लस टोचून घेतली. लोकांना द्यायचा डोस ३ मिलिलिटर ठरला होता, त्याच्या तिपटीहून जास्त. सडकून ताप आला, सुई दिली ती जागा सुजली, आणि काही दिवसांनी ते बरे झाले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे १४७ कैद्यांना टोचले, १७२ जणांना टोचले नाही. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेला कोणी नाही. कैद्यांवर असा प्रयोग करायला आजची कोणतीही नीतिमत्ता समिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या ३१९ माणसांमुळे प्लेगची लस चालते हे पहिल्यांदा कळले.

कोणाचे मत कशाने बदलले

भायखळ्याचे आकडे वर्तमानपत्रात आले म्हणून मुंबईकर रांगा लावून आले, असे झाले नाही. आकड्यांनी सरकारचे मत बदलले. लोकांचे बदलायला इतर गोष्टी लागल्या.

खोजा समाजाचे उदाहरण घ्या. त्यांचे धर्मगुरू तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे होते. त्यांनी सर्वांसमोर टोचून घेतले, तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हाफकिन यांना कामासाठी स्वतःचा बंगला दिला. समाजातल्या हजारो लोकांनी टोचून घेतले. मांसाचे सूप, परका माणूस, सरकारी सुई, हे सगळे आक्षेप तिथेही होतेच. पण आपला माणूस समोर बसून बाही वर करतो तेव्हा आक्षेप बाजूला पडतात.

दुसरे उदाहरण बडोद्याजवळच्या उंढेरा गावाचे. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचले. म्हणजे तेच घर, तेच अन्न, तेच उंदीर, फरक फक्त सुईचा. नंतर २८ घरांत प्लेग आला. त्या घरांत न टोचलेली ६४ माणसे होती, त्यातल्या २७ जणांना प्लेग झाला आणि २६ मेले. टोचलेली ७१ होती, त्यातल्या ८ जणांना झाला, ३ मेले. लस घेतलेलेही तीन जण मेले हे हाफकिन यांनी लपवले नाही. लस घेतली की काहीच होत नाही असा दावा त्यांनी केला नव्हता, म्हणून तीन मृत्यूंनी त्यांचा दावा खोटा ठरला नाही. पुढे सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशननेही मान्य केले की लशीने रोग आणि मृत्यू दोन्ही कमी होतात. डोस नीट मोजून ठरवलेला नाही ही त्यांची टीकाही बरोबर होती.

आता माझी चूक सांगते. २०२१ च्या मार्चमध्ये मी समोर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की काही होत नाही, घेऊन टाका. एक बिगारी काम करणारे गृहस्थ माझ्या सांगण्यावरून घेऊन आले. रात्री १०२ ताप, अंग ठणकत होते, दोन दिवस कामावर जाता आले नाही, दोन दिवसांची मजुरी बुडाली. ते मला काही बोलले नाहीत. पण त्यांच्या गल्लीतून पुढचे तीन आठवडे एकही माणूस लशीसाठी आला नाही. मी वैद्यकीयदृष्ट्या खोटे बोलले नव्हते, असा ताप धोक्याचा नसतो. पण मला काही होत नाही याचा अर्थ एक होता आणि रोजंदारीवरच्या माणसाला दुसरा. हाफकिन यांच्या लशीचा ताप तर याहून कडक असे, दंड सुजे, दोन-तीन दिवस काम होत नसे. गिरणीतला कामगार टोचून घ्यायला का कचरत होता, याचे निम्मे उत्तर या तापात आहे. अफवा आपण लक्षात ठेवतो, बुडालेली मजुरी विसरतो.

त्यानंतर मी लस देण्याआधी सांगते: ताप येऊ शकतो, बहुधा त्याच रात्री, एक-दोन दिवसांत उतरतो, पॅरासिटामॉल घ्या, शनिवारी घ्या म्हणजे रविवार हाताशी राहतो. असे सांगितल्यावर नाही म्हणणारे कमी झाले, वाढले नाहीत.

मलकोवाल

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली. हा बंगला रिकामा का होता, तर १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नर तिथे राहीनासे झाले. हाफकिन आता प्रयोगशाळेचे प्रमुख होते, हाताखाली मोठा लवाजमा होता, देशभरातून मागणी येत होती.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला आणि तिथल्या सरकारने लाखो लोकांना टोचायचे ठरवले. एवढी लस जुन्या पद्धतीने वेळेत होणे शक्य नव्हते. म्हणून हाफकिन यांनी पद्धत बदलली. सुपाऐवजी घट्ट अगरवर जंतू वाढवायला सुरुवात केली आणि कार्बोलिक अॅसिड घालणे थांबवले. बाटली नीट बंद असेल तर त्याची गरज नाही, आणि पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही घालत नसत, हे त्यांचे कारण होते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या गावी १०७ लोकांना पाच बाटल्यांतून लस देण्यात आली. साधारण आठवडाभराने त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. जबडा आवळणे, पाठ धनुष्यासारखी ताणणे. एकोणीसही जण मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचले होते, बाटली क्रमांक ५३ एन.

धनुर्वाताचे बीज मातीत, शेणात, धुळीत सगळीकडे असते. ते बाटलीत शिरले कुठे? मुंबईत भरताना की मलकोवालला उघडताना? मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिने ठपका ठेवला परळवर: कार्बोलिक अॅसिड वगळले ही चूक, आणि बाटली तिथेच दूषित झाली. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

समितीपुढे जे आले होते पण ज्याला वजन दिले गेले नाही ते असे. मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो नुसता जंतुनाशकात बुडवून, नीट निर्जंतुक न करता, बुच काढायला वापरला गेला. शिवाय बाटली भरून तोवर ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू आत ४१ दिवस वाढले असते तर बुच काढताच घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरने बाटली हुंगून पाहिली होती आणि वास नव्हता. ही कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू हिरिरीने मांडली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये अनेक नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र आले, की हा आरोप टिकत नाही. त्या वर्षअखेरीस सरकारने त्यांना पुन्हा नोकरीत घेतले.

पाच वर्षे गेली होती. या पाच वर्षांत पंजाबात लाखो लोक प्लेगने मेले. मलकोवालची बातमी गावोगाव पोचली होती आणि टोचून घ्यायला येणाऱ्यांचा ओघ आटला होता. एक चिमटा आणि एकोणीस माणसे, हे कोणालाही समजते. टोचल्यामुळे जे हजारो जण मेले नाहीत, ते कोणाला दिसत नाहीत. न घडलेला मृत्यू डोळ्यांना दिसत नसल्याने लशीचा फायदा सांगणे नेहमीच अवघड जाते.

माझ्या मते सरकारची मोठी चूक मृत्यूंची चौकशी केली ही नव्हती. चौकशी हवीच होती. चूक ही की घडले काय हे लोकांना वेळेवर आणि नीट सांगितले नाही. कागद दाबून ठेवले, आणि एका माणसाला बाजूला केले की प्रश्न मिटेल असे धरून चालले. लोकांनी त्याचा अर्थ एकच काढला: लसच विषारी.

तुम्ही आज लस घेता तेव्हा या घटनेतून शिकलेल्या गोष्टी तुमच्यासमोर असतात. प्रत्येक माणसाला नवी सुई, एकदा वापरली की पुन्हा न वापरता येणारी सिरिंज. बाटलीवर बॅच नंबर आणि उघडल्याची तारीख-वेळ. गोवराची किंवा बीसीजीची बाटली उघडल्यावर चार तासांनी टाकून देतात, कारण तिच्यात जंतू रोखणारे द्रव्य नसते. धनुर्वाताची किंवा पेंटाव्हॅलंटची बाटली नीट ठेवली तर २८ दिवस चालते, कारण तिच्यात ते असते. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. नंतर काही गंभीर त्रास झाला तर तो नोंदवायची सरकारी पद्धत आहे. तुम्हाला यातले काही विचारावेसे वाटले, बाटली दाखवा म्हणावेसे वाटले, तर बेलाशक म्हणा. चांगली नर्स रागावणार नाही. आणि त्रास झालाच तर घरी बसून नातेवाइकांना सांगण्याआधी केंद्रावर येऊन नोंदवा.

पुढची वर्षे

हाफकिन परत आले, पण परळला नाही. तिथली जागा भरली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवले, जिथे लस बनवायची सोयच नव्हती. मेलेल्या जंतूंची पटकीची नवी लस माणसांवर तपासायची परवानगी त्यांनी मागितली, ती मिळाली नाही. निर्दोष ठरलेल्या माणसावरही एकदा बसलेला डाग पुरता जात नाही. लशीचेही असेच असते. पहिल्या पानावरची बातमी लोक वाचतात, खुलासा कोणी वाचत नाही. वयाची मर्यादा झाल्यावर ते निवृत्त झाले आणि युरोपात गेले. लग्न केले नव्हते. शेवटची वर्षे ते धर्मनिष्ठ ज्यू म्हणून जगले आणि आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवून गेले.

लोकांचे मत मात्र हळूहळू पुन्हा वळले. कोणत्याही एका मोठ्या घटनेने नाही. साथ दरवर्षी येत राहिली, शेजारच्या गावात टोचलेली माणसे वाचलेली दिसत राहिली, सक्तीच्या झडत्या बंद झाल्या, टोचणारा डॉक्टर आपल्यातला असू लागला. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. भारतात प्लेगने एकूण एक कोटीहून जास्त माणसे नेली. ही लस पुरेशी होती असे कोणी म्हणणार नाही. आज ती सर्रास वापरात नाही, कारण आता गोळ्या-इंजेक्शने आहेत आणि रोगही क्वचित दिसतो.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. जिथून त्यांना घालवले तीच जागा. त्यांनी कळवले की मुंबईच्या कामात आपल्या आयुष्याची सर्वांत चांगली वर्षे गेली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे ते वारले. वय ७०. १९६४ मध्ये भारताने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

कधी नातेवाइकाला घेऊन परळला टाटा किंवा केईएममध्ये गेलात आणि रिपोर्टची वाट पाहत तास-दोन तास काढायचे असले, तर हाफकिनचे फाटक तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गव्हर्नरांची ती जुनी दगडी इमारत अजून उभी आहे.